झाड सत्यभामेचं, फुलं रुक्मिणीची

शेजाऱ्याच्या झाडावरून होणारं भांडण आपल्याकडे थेट द्वारकेपासून चालत आलंय. कृष्णानं स्वर्गातून पारिजातक आणला, सत्यभामेच्या अंगणात लावला आणि सडा पडू लागला रुक्मिणीच्या दारात. कोल्हापुरात ही कथा शिवाजी पेठेपासून राजारामपुरीपर्यंत रोज घडते, फक्त पारिजातकाच्या जागी आंबा असतो आणि अंगणाच्या जागी पत्रा. "मामा, तुमचा आंबा आमच्या पत्र्यावर आलाय बघा," अशी सुरुवात होते. मे महिन्यात पाडाचे आंबे धपाधप पडतात तोवर मामा लय भारी. जूनमध्ये पाल्यानं पन्हळ तुंबली की त्याच मामांचं नाव काढायचं नाही.

खटला उभा राहिला तर?

देश बदलला की निकाल बदलतो. जर्मनीत रुक्मिणी जिंकेल. १९०० पासून लागू असलेल्या तिथल्या नागरी संहितेचं ९११ वं कलम म्हणतं, शेजारच्या झाडावरून तुमच्या जमिनीवर आपोआप गळलेलं फळ तुमच्याच जमिनीचं समजायचं. अट एकच, फळ आपणहून पडलं पाहिजे. हात लांब करून तोडायचं नाही, फांदी हलवायची नाही.

इंग्लंडमध्ये सत्यभामा जिंकेल. कुंपणावरून आत आलेली फांदी तिथं शेजाऱ्यानं छाटली तर चालते, पण फांदीवरचं फळ मालकाचंच राहतं. १९१९ साली एका शेजाऱ्यानं अशी सफरचंदं तोडून विकली आणि कोर्टात हरला.

जपानची तऱ्हा आणखी वेगळी. जमिनीखालून मूळ किंवा बांबूचा कोंब आला तर खुशाल कापा आणि शिजवून खा. वरून फांदी आली तर मात्र ती मालकालाच कापायला सांगायची, स्वतः हात लावायचा नाही. शेवटी एप्रिल २०२३ मध्ये कायदा बदलला. सांगूनही मालक हललाच नाही, तर आता शेजाऱ्याला करवत हातात घेता येते.

आणि आपल्याकडे? महाराष्ट्रात शहरी भागासाठी १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. त्यामुळे कोल्हापूर महापालिकेच्या हद्दीत स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या हातानं लावलेलं झाड तोडायलाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनं गंमत वाढवली. पन्नाशी ओलांडलेलं झाड हेरिटेज ठरतं, आणि तोडायची परवानगी मिळालीच तर झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावून द्यावी लागतात. साठीचा आंबा तोडला की साठ रोपं. दीड गुंठ्याच्या प्लॉटमध्ये ती कुठं लावायची, हे ज्याचं त्यानं बघावं.

भुताचा पत्ता चुकलाय

चिंचेवर हडळ, पिंपळावर मुंजा, म्हणून दारात चिंच नको, असं आजी सांगते. आजीचा मान राखून एक सांगायला हवं. वळवात पडझडीचा हिशेब मांडला तर चिंच बिचारी निर्दोष सुटते. तिचं लाकूड चिवट, फांद्या लवचिक, मुळं घट्ट. चक्रीवादळांच्या प्रदेशातही वाऱ्याला टिकणारं झाड म्हणून तिचं नाव घेतात. शिवाय ती मुळात आपली नव्हेच, आफ्रिकेतून आलेली आहे. हडळ तिच्याबरोबर आली की इथं आल्यावर राहायला गेली, हे कळायला मार्ग नाही.

खरं भूत आपण हौसेनं लावतो आणि त्याला गुलमोहर म्हणतो. दिसायला नादखुळा, लाकूड ठिसूळ, मुळं वरच्यावर पसरलेली. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी जोतिबाच्या बाजूनं आभाळ भरून येतं, धुळीचा लोट उठतो आणि दुसऱ्या दिवशी चारचाकीवर पडलेल्या झाडाचा फोटो पेपरात येतो. त्यात गुलमोहर ओळखायला वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही. बंगल्यापासून चार हातांवर गुलमोहर लावणाऱ्यानं चिंचेला नावं ठेवू नयेत.

पण सातारकरांपुढं हे बोलायची सोय नाही. तिथं १ मे हा महाराष्ट्र दिन तर असतोच, शिवाय गुलमोहर दिनही असतो. चित्रं, कविता, गाणी, सगळं झाडाखाली. झाडाचं मूळ गाव मादागास्कर, पण तक्रार कोण करणार?

शेवगा

दारात शेवगा नको, हेही आजीचंच म्हणणं, आणि इथं मात्र आजी शंभर टक्के बरोबर. फांदी इतकी ठिसूळ की शेंगा काढायला चढलेलं पोर फांदीसकट खाली येतं. पावसाळ्यात खोडावर केसाळ सुरवंटांची गर्दी होते. अंगाला लागले तर खाज, भिंतीवर चढले तर घरभर आरडाओरडा. तरीही शेवगा टिकून आहे. तोडलेली फांदी मातीत खोचली की पुन्हा फुटते आणि आमटीत शेंग लागतेच.

नारळ: स्लॅबला भोक पाडलं तरी चालतं

जुन्या घराचा आरसीसी बंगला करताना नारळ तोडवत नाही. मग पोर्चच्या स्लॅबला भोक ठेवतात आणि झाड मधून वर जाऊ देतात. कोल्हापुरात काय, कोकणात काय, असा एखादा बंगला दिसतोच. गंमत म्हणजे ही युक्ती नारळालाच चालते. आंब्याला केली तर खोड दरवर्षी जाड होत जातं आणि काही वर्षांत स्लॅबशी मारामारी सुरू. नारळाचं खोड एकदा उंच जायला लागलं की पुढं फारसं जाड होतच नाही. त्याला वर्षाची वलयंही नसतात, त्यामुळे बुंधा कापून वय मोजायला गेलात तर फसाल. नात्यानं तो गवताकडचा आहे. मुळंही तशीच, बुंध्यातून हजारोंनी निघणारी पण बोटापेक्षा जाड न होणारी. म्हणून नारळानं जोतं उचकटल्याचं सहसा ऐकू येत नाही.

राहिला डोक्यात पडायचा प्रश्न. जगात दरवर्षी दीडशे माणसं नारळ पडून मरतात, हा आकडा सगळीकडे फिरतो, पण त्याला धड आधार नाही. आधार आहे तो पीटर बार्स या डॉक्टरच्या १९८४ च्या निबंधाला. पापुआ न्यू गिनीतल्या एका रुग्णालयात चार वर्षांत दुखापतीनं दाखल झालेल्यांपैकी अडीच टक्के लोक नारळ पडून जखमी झालेले होते. या कामगिरीबद्दल बार्स यांना २००१ मध्ये इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं नोबेल. धोका खरा मानणारे आणखीही आहेत. नोव्हेंबर २०१० मध्ये बराक ओबामा मुंबईत मणिभवन बघायला येणार होते, तेव्हा तिथल्या झाडांवरचे नारळ आधीच उतरवून घेतले होते. अमेरिकेच्या अध्यक्षाला जे कळतं ते नारळाखाली बुलेट लावणाऱ्याला कळत नाही.

पायपातला पिंपळ

ज्याला खरं घाबरायला हवं ते झाड वीतभर असतं आणि ड्रेनेजच्या पायपाच्या सांध्यात उगवलेलं असतं. कोकिळा, बुलबुल, साळुंक्या पिंपळाची फळं खातात आणि गच्चीच्या कठड्यावर बसून बिया टाकतात. मोहरीपेक्षा लहान बी. तिला माती लागत नाही, ओल आणि भेग पुरते. जुन्या वाड्यांच्या चुन्याच्या भिंती तर तिला फार मानवतात, कारण चुना ओल धरून ठेवतो. वाड्यांच्या माथ्यावर, पन्हाळ्याच्या तटबंदीत, जिथं दगड आणि चुना आहे तिथं पिंपळ आहे.

पुढचा खेळ सावकाश चालतो. मूळ भेगेत शिरतं तेव्हा दोऱ्याएवढं असतं, मग जाड होत भेग फाकवत जातं. वरून कापलं तर आतल्या मुळापासून पुन्हा फुटतं आणि दर कापणीला मूळ अधिक जाड होतं. त्यात पिंपळ पवित्र, म्हणून गवंडी हात लावायला तयार नसतो आणि घरमालक "राहू दे, पुढच्या वर्षी बघू" म्हणतो. घरावर पिंपळ उगवला की घर बुडतं, असं जुनी माणसं म्हणत. कारण त्यांनी काहीही दिलं असो, निरीक्षण पक्कं होतं. रोप दोन पानांचं असताना, पाऊस पडून भिंत ओली असताना मुळासकट उपटायचं, एवढंच. नंतर मुळं काढायची म्हणजे भिंत उसवायची. कंबोडियात अंगकोरच्या ता प्रोह्म मंदिरात तर झाडांची मुळं आणि दगड असे गुंतलेत की झाड काढलं तर भिंत जाईल आणि ठेवलं तरी जाईल. तिथं निदान तिकीट लावून पैसे तरी मिळतात.

जाता जाता: पिंपळ रात्रीही ऑक्सिजन सोडतो, असा मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. ऑक्सिजन सोडायला पानांना उजेड लागतो. पिंपळालाही.

उंबर

क्वचित दिसणाऱ्या पाहुण्याला आपण उंबराचं फूल म्हणतो. उंबराला फुलं असतात, शेकड्यांनी असतात, पण फळाच्या आत. फळाच्या तोंडाशी असलेल्या बारीक भोकातून एक चिमुकली गांधीलमाशी आत शिरते, परागीभवन करते आणि तिथंच अंडी घालते. उंबर फोडल्यावर किडे का निघतात, त्याचं उत्तर हेच. ते किडे नसतील तर उंबरात बी धरणार नाही.

नृसिंहवाडीत कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर औदुंबराखाली दत्ताच्या पादुका आहेत, त्यामुळे आपल्या भागात दारातल्या उंबराला कुऱ्हाड लावायला कुणी धजत नाही. भिंत वळते, जिना सरकतो, उंबर राहतो. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं तर उंबर पाण्याची खूण मानलाय. बृहत्संहितेत तो सांगतो, उंबराच्या पश्चिमेला तीन हातांवर खणा, एका पुरुषाएवढ्या खोलीवर पांढरा साप लागेल, मग काजळासारखा काळा दगड आणि अडीच पुरुषांवर गोडं पाणी. काळा दगड कोल्हापुरात कुठंही खणलं तरी लागतो. सापाचं नक्की नाही.

मुळं किती खोल? किती लांब?

झाड जेवढं वर तेवढंच खाली, हा शाळेपासूनचा समज चूक. बहुतेक झाडांची बहुतेक मुळं वरच्या मीटरभर मातीतच असतात, कारण हवा तिथं आणि खत तिथं. पसरतात मात्र घेराच्या दुप्पट-तिप्पट. म्हणजे तुमच्या न्हाणीखाली जे मूळ सापडलं ते शेजारणीच्या जांभळाचं असू शकतं. अपवादाचा विक्रम दक्षिण आफ्रिकेत आहे. तिथल्या एको गुहांजवळच्या रानअंजिराचं मूळ १२० मीटर खोल गेलेलं आढळलं. हे रानअंजीर वड-पिंपळ-उंबराच्या भावकीतलं, हे सांगायला नकोच.

मुळं गटाराचा पाईप फोडतात, हाही अर्धाच आरोप. धड पायपात त्यांना काही कळत नाही. सांधा आधी गळतो, बाहेर ओल येते, मूळ ओलीच्या वासानं तिकडं वळतं आणि मग आत घुसून झाडूएवढा झुपका करतं. प्लंबर तो झुपका हातात धरून झाडाकडं बोट दाखवतो. ज्यानं सांधा नीट बसवला नाही तो प्लंबर मात्र कधी सापडत नाही.

काळी माती, वर-खाली

पंचगंगेकाठची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगांमध्ये हात जातो, तेच जोत्याखाली होत असतं. अशा मातीत मोठं झाड पाणी ओढतं, माती बसते, भिंतीला तिरकी भेग जाते. १९७६ च्या दुष्काळात इंग्लंडातल्या चिकण मातीवरच्या घरांना अशा इतक्या भेगा गेल्या की विमा कंपन्यांकडं दाव्यांची रांग लागली.

लोक मग झाड तोडतात आणि दुसरा घोळ होतो. जे पाणी झाड पीत होतं ते आता मातीत राहतं, माती फुगते आणि घराची फरशी वर उचलली जाते. घराआधीपासून उभं असलेलं झाड काळ्या मातीत एका दिवसात तोडणं म्हणूनच शहाणपणाचं नव्हे. इंग्लंडात याबाबत बदनाम झाडांपैकी एक म्हणजे विलो. त्याचा सख्खा भाऊ वाळुंज आपल्या नद्यांच्या काठानं उभा असतो, पण त्याला कुणी बंगल्यात बोलावत नाही, ते बरंच आहे.

काठावर राहायचं तर पुराचाही हिशेब आला. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट म्हणजे धोक्याची पातळी. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेनं ती मागं टाकली. अंगणात पाणी तुंबलं की पहिला बळी पपईचा. दोन-तीन दिवस मुळं पाण्यात राहिली की पपई संपली. करंज, जांभूळ, अर्जुन मात्र मुळात नदीकाठचेच. ते आठवडाभर पाण्यात उभे राहतात आणि पूर ओसरल्यावर गाळ झटकून कामाला लागतात. नागाळा पार्कापासून प्रयाग चिखलीपर्यंत नवं झाड लावणाऱ्यानं नर्सरीत आधी हे विचारावं, फुलाचा रंग नंतर.

खिळा वर जात नाही

कपडे वाळत घालायच्या दोरीसाठी आंब्याला खिळा ठोकला. वीस वर्षांनी आंबा तिप्पट उंच झाला. खिळा कुठं असेल? होता तिथंच. झाड वाढतं ते शेंड्याकडून, खोड फक्त जाड होतं. म्हणून दोरी वर सरकत नाही, खिळाच हळूहळू खोडाच्या पोटात जातो. पुढं कधी सुतारानं त्या खोडाला करवत लावली की ठिणगी उडते आणि मग तो तुमच्या घराण्याचा उद्धार करतो.

कोण कुठलं?

चिकू मेक्सिकोकडचा. त्याच्या चिकापासूनच पूर्वी च्युइंगम बनायचं. देवळासमोरचा पांढरा देवचाफाही तिकडचाच. पेरू, सीताफळ, काजू अमेरिका खंडातले. चंदगडनं काजूला इतकं आपलं केलंय की हे सांगितलं तर तिथं कुणी चहा देणार नाही. बंगल्याच्या फाटकाशी ताठ उभा असतो तो अशोक सीतेचा नव्हेच. सीतेचा अशोक बुटका, पसरट आणि केशरी फुलांचा. हा उंच हिरवा खांब वेगळ्याच कुळातला, सरळसोट हलक्या खोडापायी पूर्वी जहाजांच्या डोलकाठ्यांना वापरला जाणारा.

केळ तर झाडच नव्हे, लाकूड न धरणाऱ्या शाकीय वनस्पतींच्या हिशेबात मोडणारं अवाढव्य रोप. तिचं खोड म्हणजे एकात एक गुंडाळलेले पानांचे देठ. न्हाणीच्या मागं केळ, कर्दळ आणि अळू लावायची जुनी पद्धत मात्र फार हुशारीची. सांडपाणी तिथल्या तिथं मुरायचं, डबकं व्हायचं नाही, वर गौरी-गणपतीला पानं घरची.

फणसाखाली गाडी लावू नका, एवढं सांगून पुढं जातो. गिनीजमध्ये नोंदलेला सर्वात जड फणस पुण्याचा आहे. २०१६ साली भरला ४२.७२ किलो.

खिडकीतून दिसणारं झाड

१९८४ मध्ये रॉजर उलरिच यांनी 'सायन्स'मध्ये एक छोटा निबंध छापला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरी पाऊण दिवस लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामकांचे जोरदार डोसही कमी लागले. विटांच्या भिंतीवर पिंपळ उगवलेला होता का, याची नोंद त्यात नाही.

झाड राखायला बांधकाम वळवणारेही असतात. ओसाकाजवळच्या कायाशिमा स्टेशनात सुमारे सातशे वर्षांचं कापराचं झाड फलाटातून आणि छपरातून वर गेलंय. स्टेशन वाढवताना झाडाभोवती बांधकाम वळवलं. आपल्याकडेही असं झालंय. सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा सुमारे चारशे वर्षांचा वड २०२० मध्ये रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड आला, लोक झाडाला चिकटून उभे राहिले आणि रस्ता वळवला गेला. दोन वर्षांनी पावसात तो वड आपला आपणच कोसळला. तरी वळवलेला रस्ता वाया गेला असं मी म्हणणार नाही.

कुठल्या दिशेला काय?

पुन्हा वराहमिहिर. वड पूर्वेला, उंबर दक्षिणेला, पिंपळ पश्चिमेला असेल तर चांगलं. उलट बाजूला असेल तर वाईट. काटेरी झाड घराजवळ नको, शत्रूचं भय. चिकाचं नको, धननाश. एवढं दडपण टाकल्यावर तो स्वतःच पळवाट देतो. अशुभ झाड तोडवत नसेल तर झाड आणि घर यांच्यामध्ये बकुळ, फणस, अशोक, शमी असं काहीतरी शुभ लावा. म्हणजे एका झाडावर उपाय दुसरं झाड. आजचे वास्तुतज्ज्ञ आरसा आणि पिरॅमिड विकतात. त्यापेक्षा हा सल्ला कितीतरी स्वस्त, आणि पाच-सहा वर्षांनी सावलीही देतो.

आणि चंदन

चंदन लावायची हौस सध्या जोरात आहे, तेव्हा दोन गोष्टी. चंदन अर्धा परोपजीवी आहे. त्याची मुळं शेजारच्या झाडांच्या मुळांना चिकटून त्यांच्यातलं पाणी आणि क्षार ओढतात. कंपाउंडच्या भिंतीला खालून अर्थ नसतो, त्यामुळे तुमचं चंदन पलीकडच्या काकूंच्या करंजावर पोसलं जात असेल आणि काकूंना पत्ताही नसेल. दुसरं, सुगंधी गाभा धरायला पंधरा-वीस वर्षं जातात, आणि तो धरल्याचं मालकाच्या आधी चोराला कळतं. पुण्यात बंगल्यांच्या आवारातून चंदन चोरीला गेल्याच्या बातम्या नेमानं येतात. अर्ज नाही, पंचनामा नाही, बदली रोपं नाहीत. वृक्ष अधिकाऱ्याला न विचारता एका रात्रीत झाड नाहीसं करून देणारी एवढी एकच सेवा शहरात चालू आहे, आणि ती फक्त चंदनालाच मिळते.